पडद्यावरचं शून्य

(दृश्य: पंपांची रांग, पायाजवळचा डिटेक्टर)

जमिनीपासून जेमतेम फूट-दीड फुटावर हा गॅसगळती ओळखणारा डिटेक्टर बसवलाय. इतक्या खाली, कारण इथल्या पंपांतून एलपीजी वाहतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो गळाला की जमिनीलगत पसरतो, केबलच्या चरात जाऊन साठतो.

आता छताकडे बघा. हा दुसरा मिथेनसाठी. मिथेन हवेच्या साधारण निम्म्या वजनाचा, तो वर चढतो. दोन्ही सेन्सरांची तोंडं खालीच, म्हणजे पाणी आणि धूळ आत बसत नाही.

(दृश्य: उघडलेलं सेन्सर हेड, अगदी जवळून)

आत दोन बारीक मणी. प्रत्येकाच्या पोटात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं. एका मण्यावर उत्प्रेरकाचा लेप, दुसऱ्यावर गॅसचा काही परिणाम होत नाही. तापलेल्या लेपावर गॅस ज्वाळेशिवाय जळतो, तार आणखी तापते, तिचा रोध वाढतो. दोन मण्यांतला तोच फरक कंट्रोल रूममध्ये आकडा होऊन दिसतो.

पण शेजारच्या फ्लँजला, म्हणजे पाइपांच्या जोडाला, कुणी सिलिकोनचं सीलंट लावलं, तर त्याच्या वाफेनं हा लेप हळूहळू निकामी होतो. तार शाबूत, करंट चालू, फॉल्टचा दिवा बंद. पडद्यावर ०. हवा स्वच्छ असली तरी ०च असतं.

(दृश्य: खांद्यावर बाटली, शिडी)

म्हणून ही चाचणीच्या गॅसची बाटली. खरेदीच्या दिवशी डिटेक्टरभोवती गर्दी असते. बाटली घेऊन फिरणारा माणूस मात्र एकटाच.

आधी कंट्रोल रूमला फोन, मग ट्रिपला, म्हणजे गॅस दिसताच यंत्रणा आपोआप बंद पाडणाऱ्या व्यवस्थेला, तात्पुरता बायपास. बाटलीत अडीच टक्के मिथेन, बाकी हवा. मिथेन हवेत ५ टक्क्यांच्या आसपास पेट घेण्याजोगा होतो, बाटलीत त्याच्या निम्मा. म्हणून पडद्यावर ५० यायला हवेत. हे ५० म्हणजे त्या स्फोटक मर्यादेचे टक्के, हवेतल्या गॅसचे नव्हेत. नवखे इथे हमखास गोंधळतात.

सेन्सरवर गॅसच्या नळीची टोपी बसली. नॉब फिरला. १८... ३१... ४७... ४९. हा चांगला आहे.

पुढचा मात्र १२च्या वर जाईना.

(दृश्य: जाळी काढणारे हात)

जाळी रंगानं बुजलेली! रंगकामाच्या वेळी पाइपांबरोबर सेन्सरलाही हात मारलेला दिसतो. खरी गळती झाली असती तर अलार्म वेळेवर वाजला नसता.

नवी जाळी. स्वच्छ हवेत शून्य जुळवायचं, मग पुन्हा गॅस सोडून वरचा आकडा. या वेळी ५०.

हायड्रोजन सल्फाइडचे सेन्सर वेगळे, रासायनिक सेलवाले. ते न वापरताही काही वर्षांत संपतात. हा गॅस जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो.

(दृश्य: टॅगवर तारीख लिहिणारं पेन)

बायपास काढला का, हे बाटलीवाला फोनवर दोनदा विचारतो. मग शिडी उचलतो.