हॅमस्टरला गाठ आली, आता त्याचं अंग कोण साफ करणार?

श्रोतेहो, नमस्कार.

हॅमस्टरच्या पोटाखाली गाठ हाताला लागली की घरातलं सगळं बोलणं त्या गाठीभोवतीच फिरायला लागतं. कॅन्सर असेल का, ऑपरेशन झेपेल का, किती दिवस काढेल? प्रश्न साहजिक आहेत. पण प्राण्यांची डॉक्टर म्हणून माझी नजर आधी त्याच्या शेपटीखालच्या केसांकडे जाते. ते ओले आहेत का, चिकटलेत का, वास येतोय का? कारण पुष्कळदा गाठ आपल्या गतीनं वाढत असते आणि त्याआधी हा ओलावाच त्या जिवाला बेजार करतो.

निरोगी हॅमस्टर जागा झाला की मागच्या पायांवर बसतो, पंजे चाटून तोंडावरून फिरवतो, मग कुशी, पोट आणि शेवटी वाकून मागची बाजू साफ करतो. त्यासाठी त्याला अंगाची पार कमान करावी लागते. पोटावर किंवा मांडीजवळ गाठ आली की हे वाकणं जमत नाही. चेहरा स्वच्छ आणि मागचा भाग मळलेला असं चित्र दिसलं, तर तो आळशी झालाय असं समजू नका. तोंड तिथवर पोचत नाही एवढंच. म्हाताऱ्या हॅमस्टरचे सांधे आखडले तरी हेच होतं. मग लघवी केसांत मुरते, खालची कातडी लाल होते, सोलवटते. उष्ण हवेत अशा ओल्या जागी माश्या अंडी घालतात, आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात.

अर्थात, प्रत्येक फुगवटा गाठ नसतो. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळपट ठिपक्यासारख्या गंधग्रंथी असतात. बुटक्या जातींत अशी ग्रंथी पोटाच्या मध्यावर असते. गालातल्या पिशवीत दाणा अडकून पू झाला तरी गालाखाली टेंगूळ दिसतं. आणि नराचे वृषण शरीराच्या मानाने इतके मोठे असतात, की ते पाहून घाबरलेली मंडळी भल्या सकाळी दवाखान्यात हजर होतात. त्यांना हसू नये, पण हसू येतं खरं. खरी गाठ बहुधा एका बाजूला असते आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढते. कधी गाठ बाहेर दिसतच नाही. मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीत ट्यूमर झाला तर दोन्ही कुशींचे केस सारखे गळतात आणि तहान खूप वाढते.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात सांगते. हॅमस्टरचं आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचं. वर्ष उलटलं की गाठींचं प्रमाण वाढतं. गाठ लहान आहे, कातडीखाली सुटी हलते आणि हॅमस्टर खातापिता आहे, तर काढण्याचा विचार जरूर करावा, आणि लवकर करावा. दोन वर्षांच्या थकलेल्या प्राण्याला भूल द्यायची की नाही, हे त्याला हातात घेऊन तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. हॅमस्टरला उलटी होत नाही, त्यामुळे माणसासारखं आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नका. आणि ऑपरेशन नको असं ठरवलंत तर त्यात कमीपणा मानू नका.

औषधाबद्दल मात्र मी कडक आहे. घरातली उरलेली अँटिबायोटिक्स हॅमस्टरला कधीही देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही माणसाला रोज लिहून दिली जाणारी औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, घातक जिवाणू माजतात आणि जुलाब होऊन तो दगावतो. वेदनाशामकही वजन करून, डॉक्टरांनी सांगितलेल्या थेंबांतच द्यायचं.

आता साफसफाई. पाण्यात बुडवून अंघोळ घालायची नाही, शाम्पू नाही, टाल्कम पावडर नाही. एवढासा जीव ओला झाला की झटकन गारठतो, आणि आजारी असेल तर त्यातून सावरत नाही. संध्याकाळी तो आपण होऊन उठला की काम काढा. दिवसा झोपेतून उठवलंत तर चावेल, आणि तो हक्कानं चावेल. पंखा बंद करा. जमिनीवर बसून मांडीवर टॉवेल घ्या, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. त्याला उताणा करू नका, गाठीचा भार आत पडतो आणि दम लागतो. पुढचे पाय तुमच्या तळहातावर, तोंड तुमच्या छातीकडे आणि मागची बाजू मोकळी, असं धरा. घरात दोघं असाल तर एकानं धरावं, एकानं पुसावं.

उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून घट्ट पिळा. वाळलेला मळ ओढू नका. बोळा त्या जागी अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवा, मळ मऊ पडेल, मग केस ज्या दिशेनं वाढतात त्या दिशेनं अलगद पुसा. दुसऱ्या कोरड्या, मऊ कापडानं टिपून घ्या. घासायचं नाही, आणि केस वाळवायचं यंत्रही नको, त्याचा आवाज आणि झळ दोन्ही त्याला सोसत नाहीत. एका वेळी दोन-चार मिनिटं पुरेत. राहिलं तर उद्या करा. कातडी लाल दिसली म्हणून बाळाच्या रॅशचं क्रीम फासू नका, त्यात बहुधा झिंक असतं आणि हॅमस्टर ते चाटणारच. मलम हवं असेल तर डॉक्टरांना विचारा.

लांब केसांच्या हॅमस्टरला जटा होतात. लहान जट असेल तर केसांचं मूळ दोन बोटांत धरा, म्हणजे कातडी ताणली जाणार नाही, आणि मऊ टूथब्रशनं टोकाकडून सोडवत या. मोठ्या जटेला कात्री लावू नका. जटेबरोबर पातळ कातडी उचलली जाते आणि कळायच्या आत कापली जाते. दवाखान्यात छोट्या मशिननं काढून मिळतं, तेव्हाच वाढलेली नखंही कापून घ्या. डोळ्यांना चिपडं येऊन पापण्या चिकटत असतील तर त्यासाठी वेगळा, स्वच्छ बोळा घ्या. मागचा बोळा पुढे फिरवायचा नाही, हे मुलांना दोनदा सांगा.

धूळविरहित बारीक रेती उथळ भांड्यात ठेवली तर तो लोळून अंगावरचं तेल स्वतः काढतो. चिंचिला या दाट केसांच्या पाळीव प्राण्यासाठी मिळणारी पिठासारखी पावडर मात्र नको, ती फुप्फुसात जाते. गाठीवर जखम असेल तर रेतीही काढून टाका.

पिंजऱ्यात वरचे मजले, शिड्या आता नकोत. पाण्याची नळी खाली घ्या, खाणं घरट्याजवळ ठेवा. अंथरूण कागदाचं, मऊ आणि जाड असावं. देवदार किंवा पाइनचा भुसा टाळा. ओला झालेला कोपरा रोज बदला, पण घरट्यातलं थोडं जुनं कोरडं अंथरूण राहू द्या, स्वतःचा वास गेला की तो बावरतो. चाक लगेच काढायची गरज नाही. गाठ चाकाला घासून सोलवटत असेल तरच काढा.

खायला नेहमीच्या गोळ्या पाण्यात भिजवून द्या, जोडीला उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. मीठ, कांदा, लसूण नको. आणि आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटीत बसवून वजन घ्या. 150 ग्रॅमच्या हॅमस्टरचं वजन 15 ग्रॅमनं घटणं म्हणजे 60 किलोच्या माणसानं सहा किलो गमावण्यासारखं आहे. शिवाय गाठ वाढताना काट्यावरचा आकडा तसाच राहतो आणि अंग मात्र झडत जातं, म्हणून पाठीच्या कण्यावरून बोट फिरवूनही पाहा. हाडं टोचायला लागली का? वजन आणि गाठीचा आकार वहीत मांडून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

गाठ फुटून रक्त येत असेल, तो स्वतःच ती कुरतडत असेल, किंवा श्वास घेताना कुशी धपापत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खाणं सोडलं, घरट्यातून उठेना, पुसायला घेतलं तरी प्रतिकार करेना, अशी वेळ येते. तेव्हा इंजेक्शननं शांतपणे सोडवण्याचा पर्याय असतो, आणि तो देताना आधी गुंगी आणता येते. ते कसं करतात, रात्री-अपरात्री कोण उपलब्ध असतं, खर्च किती, हे पहिल्या भेटीतच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ऐन वेळी फोन शोधत बसावं लागणार नाही.

नमस्कार.