ताक आणि टाक: खान्देशात नव्यानं आलेला पाद्री

(पडद्यावर: चाळीसगाव स्टेशन, पहाट. मग धुळ्याकडे निघालेली गाडी आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना दादर ज्वारीची शेतं.)

साधारण १९२० च्या आसपासचा काळ. डिसेंबर महिना. मुंबईची गाडी चाळीसगावला थांबते आणि अमेरिकेहून आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण पाद्री फलाटावर उतरतो. धुळ्याला जायचं तर गाडी इथं बदलायची. छप्पन किलोमीटरचा हा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. तापीकाठानं सुरतेकडून नवापूर, नंदुरबार, अमळनेरला येणारी रेल्वेही त्याच सुमाराची. १८९० मध्ये शिकागोत फ्रेडरिक फ्रान्सन यांनी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन सुरू केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मिशनची माणसं पश्चिम खान्देशात आली, ती याच रुळांवरून.

नवा माणूस शक्यतो थंडीतच आणायचा, असा जुन्या मंडळींचा शिरस्ता होता. मार्चपर्यंत अंगाला इथल्या हवेची सवय व्हावी, हा त्यामागचा विचार. खान्देशातला मे महिना ज्यानं काढला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, वारा भट्टीसारखा लागतो. मग कामं सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. दाराला वाळ्याचे ताटे, त्यांवर पाण्याचे हबके आणि रात्री झोपायला धाबं, म्हणजे घराचं सपाट मातीचं छत. नवखे चुकायचे ते एकाच ठिकाणी: पाणी भरपूर प्यायचे, मीठ मात्र पोटात जायचं नाही. घामावाटे मीठ गेलं की पायात गोळे येतात, डोकं फिरतं. गावच्या बाया मीठ घातलेलं ताक देत, तोच त्यावरचा खरा उपाय.

(पडद्यावर: पत्र्याची पेटी उघडते.)

आता ही पेटी पाहा. लाकडी पेटी वाळवी महिन्याभरात पोखरते, म्हणून पत्र्याची. वरच मच्छरदाणी. दिवेलागणीच्या आधी ती गादीखाली चारही बाजूंनी खोचायची आणि झोपेत हात-पाय जाळीला टेकू द्यायचे नाहीत, कारण डास बाहेरूनही चावतो. खाली क्विनाईन. हिवतापापासून बचाव म्हणून रोज पाच ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वातीनशे मिलिग्रॅम, जेवणानंतर. जीभ कडू पडते, कानात भुणभुण सुरू होते. पाऊस संपला, बरं वाटतंय, म्हणून नेमक्या त्याच वेळी लोक ते सोडत. सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापाचा जोर असतो तो पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीनंतरपर्यंत. गोळी चुकवलेला माणूस मग दोन गोधड्या पांघरूनही कुडकुडत पडायचा.

पाण्याचं काम त्याहून चिकाटीचं. पाणी खळखळून उकळायचं, झाकून निववायचं आणि पुन्हा हंड्यात हात घालायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच घ्यायचं. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरून पाणी भरतो, म्हणून तिथं नारूची भीती. नारूचा किडा पायाच्या फोडातून डोकं काढतो. जखम पाण्यात बुडाली की त्याची पिल्लं पाण्यात जातात, ती डोळ्याला जेमतेम दिसणारा एक बारीक पाणकिडा गिळतो, आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून साधारण वर्षभरानं नवा नारू बाहेर येतो. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढायचा. घाई केली, तुटला, की पाय सुजून पिकलाच. यावर साधा इलाज होता घट्ट विणीच्या दुहेरी कापडाचा: पाणी गाळून घेतलं की पाणकिडा कापडावरच अडकतो. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या गाळण्याचा वाटा मोठा आहे.

पेटीच्या तळाशी जाड पुस्तक आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. दुसरी आवृत्ती १८५७ ची. पहिलं वर्ष खरं याचंच. धर्माचं काम नंतर. आधी पंडित, वही आणि रोजचे पाच-सहा तास. उन्हाळ्यात महाबळेश्वरला मिशनऱ्यांसाठी मराठीचे वर्ग भरत.

(पडद्यावर: ओठांसमोर धरलेली कागदाची पट्टी.)

इंग्रजी बोलणारा शब्दाच्या सुरुवातीला 'प' म्हणताना जोरात हवा सोडतो, त्यामुळे त्याचा 'पळ' आपल्याला 'फळ' ऐकू येतो. म्हणून पंडित ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला लावत. 'पळ' म्हणताना पट्टी हलता कामा नये, 'फळ' म्हणताना हललीच पाहिजे. मग ताक आणि टाक. इंग्रजीतला 'ट' या दोहोंच्या मधोमध कुठंतरी असतो. जीभ वरच्या दातांना टेकवली तर ताक, मागं वळवून टाळूला लावली तर टाक. 'जग' तर लिहायला एकच: दुनिया म्हणून वेगळा उच्चार, जगण्याचा हुकूम म्हणून वेगळा. हे पुस्तकातून येत नाही, त्याला कानच लागतो.

आणि एवढं करून माणूस गावात जाई, तेव्हा कळे की गाव ही भाषा बोलतच नाही. महिनोन्‌महिने 'ळ' घोटलेला, आणि इथं डोळ्याला 'डोया' म्हणतात, काळ्याला 'काया'. 'आहे' नाही, 'शे'. 'मला' नाही, 'माले'. 'इथं' नाही, 'आठे'. ही अहिराणी. नवापूरकडे गेलं की मावची, धडगावकडे पावरी. ज्यांनी याला अशुद्ध मराठी समजून दुर्लक्ष केलं, त्यांना वर्षानुवर्षं दुभाषा सोडता आला नाही. ज्यांनी मोल्सवर्थ मिटून दुसरी वही उघडली, त्यांना घरात बसायला जागा मिळाली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच वहीत नव्हती. डोंगरातल्या पाड्यांना गोरा माणूस ठाऊक होता, तो सरकारचा. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. पुढं १८७८ चा जंगल कायदा आला आणि आपल्याच रानातलं लाकूड तोडायला परवानगी लागू लागली. तेव्हा टोपीवाला साहेब दिसला की लोक लांब राहत, यात नवल नाही. याला उपाय वेळ देण्याचाच. हॅट काढून, वाहणा बाहेर ठेवून ओट्यावर बसायचं. गावात राम राम, ख्रिस्ती घरात सलाम. ताट आलं की उजव्या हातानं खायचं. कळण्याची भाकरी, भरीत आणि सोबत ठेचा. तिखट सोसत नसेल तर ठेचा बाजूला सारून भाकरी दुधात कुस्करायची, त्याचा कुणाला राग येत नाही. राग येतो तो ताट परत केल्याचा.

(पडद्यावर: धाब्याच्या घराचा ओटा, संध्याकाळ.)

पहिली ओळखीची हाक बहुधा ओट्यावरूनच येई. म्हातारी आजी सरकून जागा करी आणि म्हणे, "आठे बस, भाऊ. तुन्हं नाव काय शे?"

तो नाव सांगे. ते काही तिच्या तोंडी बसत नसे. मग ती दोनदा, तीनदा म्हणून पाही, आणि आता ऐकून दुरुस्त करायची पाळी त्याची असे.