रेडिएटर गळतोय? अंडं राहू द्या, आधी प्रेशर काढा

नमस्कार मंडळी. रेडिएटर गळतोय असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, शेजारी उभा असलेला एक तरी माणूस म्हणणारच, अरे अंडं फोडून टाक आत, नाहीतर दोन चमचे मिरपूड टाक, हळद टाक, मोहरीची पूड टाक. आणि खरं सांगू का, यातलं काहीच अगदी थाप नाहीये. अंड्याचं पांढरं 60-65 डिग्रीला घट्ट व्हायला लागतं, चालू इंजिनातलं पाणी 90 च्या आसपास असतं, म्हणजे आत गेल्या गेल्या त्याच्या चिंध्या होतात, त्या पाण्याबरोबर फिरतात आणि जिथून पाणी बाहेर पडतंय तिथे जाऊन अडकतात. मिरपुडीचे कण भिजून फुगतात नि भोकात रुतून बसतात. टाचणीएवढं भोक असेल तर थेंब थांबतो, लोकांनी पाहिलंय ते.

पण त्या चिंधीला काय माहीत तुमचं भोक कुठलं ते? रेडिएटरच्या जाळीतल्या चपट्या नळ्या आतून जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, गाडीच्या हीटरमध्ये तसलाच एक छोटा रेडिएटर, वाटेत थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप, सगळीकडे अडकायला जागाच जागा. मग गळती बंद पण इंजिनाच्या तापमानाचा काटा वर, असा प्रकार होतो, आणि अंडं आत राहून राहून कुजलं की हीटर लावल्यावर जो वास येतो तो मी रेडिओवरून वर्णन करून सांगणार नाही. म्हणून माझं साधं म्हणणं आहे, जे काय लावायचं ते बाहेरून लावा, आत टाकायचं अगदीच दुसरा इलाज नसेल तर.

आणि लावायच्याही आधी प्रेशर काढा, हे कुणीच सांगत नाही. रेडिएटर म्हणजे कुकरच, झाकण घट्ट असल्यामुळे आत साधारण एक बार प्रेशर तयार होतं आणि त्यामुळे पाणी 100 ला न उकळता 120 च्या आसपास उकळतं. तेच प्रेशर भोकातून पाण्याची पिचकारी मारतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, पूर्ण म्हणजे वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, हाताने धरता आला पाहिजे एवढं गार, पाणी भरायचं आणि कॅप पूर्ण न आवळता सैल ठेवायची. पिचकारीचा थेंब होतो, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. अर्थात आता पाणी 100 लाच उकळणार, त्यामुळे हळू चालवायची, चढ टाळायचा, एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. घामाघूम व्हाल पण हीटर इंजिनातली बरीच उष्णता ओढून घेतो. काट्यावरची नजर मात्र हलवू नका, चढायला लागला की बाजूला घेऊन बंद करा. गरम असताना कॅप उघडायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दरवेळी कुणीतरी चेहरा भाजून घेतंच. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नाही, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

आता गळतंय कुठून ते बघा, कारण निम्म्या वेळा रेडिएटर बिचारा निर्दोष असतो. खाली नुसतं स्वच्छ पाणी पडलंय, रंग नाही, चिकटपणा नाही, तर ते बहुतेक एसीचं. होजच्या टोकाशी ओल आहे तर क्लिप सैल झालीये, स्क्रूड्रायव्हरने आवळा, झालं काम. होज क्लिपजवळच चिरलाय आणि लांबी पुरतेय तर तेवढा तुकडा कापून परत चढवा. मधेच चिरलाय तर पुसून कोरडा करा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळा, वरून तार किंवा क्लिप. साधी चिकटपट्टी ओल्या गरम रबरावर टिकत नाही, उगाच वाया जाते.

जाळीतच बारीक भोक असेल तर अंगाचा साबण कोरडाच घासून त्यात दाबून बसवायचा, पाण्यात विरघळतो तो हळूहळू, पण कॅप सैल असेल तर गॅरेजपर्यंत पोचवतो. त्याहून बरी एपॉक्सी पुट्टी, दोन रंगांचे गोळे मळून एक करायचे ती. जागा कोरडी हवी, सँडपेपरने घासलेली हवी, आणि वाळायला वेळ द्यायला हवा, तिथेच लोकांचा धीर सुटतो. वरची प्लॅस्टिकची टाकी तडकली असेल तर पुट्टीवर फार विसंबू नका, टाकी तापून फुगली की कडेने सुटते.

तांब्या-पितळेचे जुने रेडिएटर असलेल्या गाड्यांना अजून एक जालीम उपाय करायचे. गळणाऱ्या नळीभोवतीच्या पातळ पट्ट्या पकडीने ओढून काढायच्या, नळी मधोमध कापायची आणि दोन्ही टोकं दुमडून चेपून टाकायची. एक नळी कायमची गेली पण बाकीच्या चालू. अॅल्युमिनियमच्या रेडिएटरवर हा प्रयोग नको, दुमडताना तुटतं ते.

गळती बुजवायचं बाटलीतलं लीक-स्टॉप मिळतं ते अंड्यापेक्षा नक्की बरं, पण तेही आत फिरणारच. काहींमध्ये सोडियम सिलिकेट असतं, गंमत म्हणजे 2009 साली अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना होती तेव्हा इंजिन कायमचं जाम करायला ऑइल काढून हेच सोडियम सिलिकेट ओतायचे. म्हणून बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका, सढळ हाताने नको.

शेवटी एक, कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते रंगीत द्रव, सांडलं असेल तर पाणी मारून पुसून घ्या. त्यातलं ग्लायकोल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. आणि रेडिएटरात अंडं, मिरी, जे काय टाकलं असेल ते मेकॅनिकला न लाजता सांगून टाका, म्हणजे नवा रेडिएटर बसवायच्या आधी तो सगळी लाइन फ्लश करेल, नाहीतर हीटरमध्ये अडकलेला गाळ नव्या रेडिएटरात येऊन बसायचा.