खोक्याच्या ओंडक्यातली गिटार

नमस्कार मंडळी. टेबलावर ठेवलेली ही क्लासिकल गिटार मी गच्चीवरच्या खोलीत बनवली. तिची पाठ आणि बाजू जुन्या वाड्याच्या सागवानी दारातल्या आहेत. त्या दाराच्या फळ्या मला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळाल्या. दांडी तून नावाच्या झाडाच्या लाकडाची आहे. सूर ठरवणाऱ्या धातूच्या पडद्यांखालची काळी पट्टी म्हणजे मोडलेल्या शिसवी पलंगाचा तुकडा. आणि तबली निघाली ती परदेशातून यंत्रं येतात, त्या खोक्याच्या तळाच्या ओंडक्यातून.

तबली हा शब्द मिरजेचा. तिथले कारागीर सतारीच्या तोंडावरच्या फळीला तबली म्हणतात. गिटारीच्या त्याच भागाला मी दुसरा शब्द शोधत बसलो नाही. तसंच घोडी, खुंट्या, पडदे. शब्द तयार आहेत, वापरूया.

आजची गिटार जिच्यावरून आली, तिचा आराखडा एकोणिसाव्या शतकात आन्तोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने पक्का केला. तो मूळचा सुतार. १८६२ मध्ये त्याने एक गिटार बनवली, तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याची होती, तबली मात्र नेहमीसारखी लाकडाची. आवाज तबलीत असतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५ मध्ये टेलर या अमेरिकन कंपनीने माल ठेवायच्या टाकाऊ लाकडी पॅलेटच्या ओकपासून गिटारीची पाठ आणि बाजू केल्या, तबलीही साध्या बांधकामाच्या लाकडाची घेतली. मला या दोन गिटारींनी धीर दिला. महाग लाकूड परवडत नाही म्हणून थांबलेला कुणी इथे असेल, तर त्यानेही या दोन गिटारी लक्षात ठेवाव्यात.

आता वखारीत चला. तिथे बहुतेक जण फळीचं तोंड बघतात, म्हणजे रुंद बाजू. गिटारीसाठी फळीचं टोक बघायचं, जिथे करवतीने आडवं कापलेलं असतं तिथे. तिथे झाडाच्या वर्षांच्या रेघा दिसतात. तबलीत या रेघा उभ्या हव्यात, फळीच्या तोंडाशी काटकोनात. त्या तिरक्या झाल्या की फळीचा आडवा ताठपणा झपाट्याने घटतो. बाजारातल्या बहुतेक फळ्यांत रेघा आडव्याच पडलेल्या असतात, कारण ओंडका सरसकट तसाच चिरला की लाकूड कमी वाया जातं.

म्हणून मी फळ्या सोडून जाड ओंडके शोधतो. खोक्याच्या तळाला साधारण ७५ बाय १०० मिलिमीटरचे ठोकळे असतात. रुंद बाजूला समांतर रेघा असलेला ठोकळा घ्यायचा आणि त्याच बाजूला काटकोनात त्याचे काप काढायचे. प्रत्येक काप ७५ मिलिमीटर रुंद निघतो आणि त्यात रेघा आपोआप उभ्या येतात. गिटारीचं खालचं पोट साधारण ३६ सेंटीमीटर रुंद असतं. पाच पट्ट्या कशाबशा पुरतात, मी सहा जोडतो.

ठोकळ्यावर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह असलेला शिक्का बघा. शेजारी देशाची दोन अक्षरं असतात, आणि एचटी असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं असतं, कीड मरावी म्हणून. माझ्या ठोकळ्यावर डीई होतं, म्हणजे जर्मनी. जर्मनीत खोक्यांना स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड सर्रास वापरतात आणि अनेक नामांकित गिटारींच्या तबल्याही स्प्रूसच्या असतात. गाठी टाळून, दाट सरळ रेघांचा पन्नास सेंटीमीटर लांब तुकडा शोधायला मला तीन शनिवार लागले.

तुनीचीही एक गंमत सांगतो. स्पेनमध्ये गिटारीच्या दांडीला सिड्रेला नावाच्या झाडाचं लाकूड वापरण्याची परंपरा आहे. आपली तून त्याच कुळातली. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तिला सिड्रेलाच म्हणत. मिरजेत सतारीला तून वापरतात, म्हणजे हे लाकूड वाद्यासाठी आपल्याकडे कधीचंच पारखून ठेवलेलं आहे.

खरं काम तबली पातळ करण्याचं. रंधा मारायचा, मग फळी वरच्या कडेला दोन बोटांत हलकी धरायची आणि मध्यावर अंगठ्याच्या पेराने ठोकायची. तीन मिलिमीटरला माझी तबली टक् असा बंद आवाज द्यायची. अडीचच्या खाली गेल्यावर तो आवाज खाली उतरला आणि रेंगाळू लागला, दूरच्या देवळातल्या घंटेसारखा. इथे घाई करू नका. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. अडीचवरून दोनवर आलात तर जाडी पाचव्या हिश्शाने कमी होते, ताठपणा मात्र जवळपास निम्मा होतो. वर तारांचा ताण सुमारे ४० किलोंचा. मी २.३ ला थांबलो आणि आतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात बारीक पट्ट्या चिकटवल्या.

बाजू वाकवणं सोपं आहे. दोन मिलिमीटरची पट्टी ओली करून तापलेल्या पाइपवर हळूहळू दाबायची. पडद्यांचं गणितही सरळ आहे. तारेची लांबी ६५० मिलिमीटर, तिला १७.८१७ ने भागलं की पहिला पडदा मेरूपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, ३६.५ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जायचं.

मला रडवलं ते हवेने. पहिल्या गिटारीची पाठ मी जुलैत चिकटवली. लाकूड पावसाळी हवेतला ओलावा पिऊन फुगलेलं होतं. पुढच्या मार्चमध्ये ते आकसलं, पण चारी बाजूंनी सरसाने जखडलेलं. एका रात्री खोलीतून फाट् असा आवाज आला. सकाळी पाठीला खालून वर जाणारी चीर दिसली, नखाची कड आत जाईल एवढी. त्या दिवशी मी काहीच काम केलं नाही. तेव्हापासून तबली आणि पाठ मी डिसेंबर-जानेवारीतच चिकटवतो आणि लाकूड त्याआधी वर्षभर खोलीत उभं करून ठेवतो.

वाजवून दाखवण्याआधी तुमच्या हातांत काहीतरी देतो. त्याच ठोकळ्यातल्या या दोन पट्ट्या आहेत, एक उभ्या रेघांची, एक आडव्या. जाडी दोन्हींची सारखीच. डावीकडून फिरवत या. आधी दोन्ही हातांनी रुंदीच्या बाजूने वाकवून बघा, मग कानाजवळ धरून ठोका.