पेढी चालली, तिजोरी कोणी उघडलीच नाही

(नागपुरात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि छोटे गुंतवणूकदार यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

28 फेब्रुवारी 2014. टोकियोत पत्रकारांसमोर 28 वर्षांचा एक फ्रेंच तरुण सूट घालून आला, जपानी रीतीप्रमाणे कमरेत वाकला आणि जपानीतच म्हणाला की आमच्या यंत्रणेत कच्चेपणा होता, बिटकॉइन नाहीसे झाले, माफ करा. किती नाहीसे झाले? साडेआठ लाख. त्यातले साडेसात लाख गिऱ्हाइकांचे आणि एक लाख कंपनीचे स्वतःचे. तेव्हा जगात जेवढे बिटकॉइन होते, त्यांच्या साधारण सात टक्के.

हा माणूस म्हणजे मार्क कार्पेलेस आणि त्याची कंपनी माउंट गॉक्स, बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीची पेढी, म्हणजे एक्स्चेंज. मंडळी, मी सीए आहे. संगणकाचं शास्त्र मला तुमच्यातल्या तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलाइतकंही येत नाही. या प्रकरणात मला रस आहे तो हिशेबामुळे. याच्यावर बोलणारे बहुतेक जण तो चोर होता की नव्हता यावरच अडून बसतात. मला विचाराल तर रोजकीर्द आणि तिजोरी यांचा ताळमेळ न घालता अब्जावधींची पेढी तीन वर्षं कशी चालते, ते यातून बघण्यासारखं आहे.

त्याच्या बालपणात फार शिरत नाही. 1985 चा जन्म, फ्रान्समधल्या दिजाँ शहराजवळचा. लहानपणापासून संगणकाचं वेड, पीएचपी या भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यात हातखंडा, इंटरनेटवरचं नाव मॅजिकलटक्स. 2009 मध्ये जपानला गेला आणि तिथेच राहिला. तिबान नावाची वेब होस्टिंगची कंपनी काढली, तिला नाव दिलं आपल्या मांजरीचं. इकडे फ्रान्समध्ये आधीच्या मालकाच्या यंत्रणेत घुसखोरी केल्याच्या प्रकरणात 2010 मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला एक वर्षाची स्थगित शिक्षा झाली होती. माउंट गॉक्सच्या गिऱ्हाइकांपैकी फारच थोड्यांना तेव्हा हे ठाऊक असेल.

माउंट गॉक्स त्याने सुरू केलेली नाही. जेड मॅकलेब नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने खेळातल्या पत्त्यांच्या देवघेवीसाठी 2007 मध्ये त्या नावाचं संकेतस्थळ घेतलं होतं, ते तसंच पडून होतं. जुलै 2010 मध्ये त्याने तिथे बिटकॉइनची खरेदी-विक्री सुरू केली आणि मार्च 2011 मध्ये ती कार्पेलेसला विकून मोकळा झाला. कार्पेलेसकडे 88 टक्के, मॅकलेबने स्वतःकडे ठेवले 12 टक्के.

आता इथे थांबू या, कारण सगळी गोम इथेच आहे. या विक्रीच्या सुमारासच पेढीतून सुमारे 80,000 बिटकॉइन गायब झालेले होते. एका बिटकॉइनचा भाव तेव्हा एक डॉलरच्या आसपास, म्हणजे सगळी तूट मिळून एक लाख डॉलरसुद्धा नव्हती. एखाद्या कंपनीच्या नफ्यातून वर्षभरात भरून निघेल अशी रक्कम. पण देणं डॉलरमध्ये नव्हतं, बिटकॉइनमध्ये होतं. त्याच वर्षी जूनमध्ये भाव सतरा डॉलरवर गेला, 2013 च्या शेवटी हजारावर. खड्डा होता तेवढाच राहिला, पण भरायच्या मातीचा भाव हजारपट झाला. पेढी विकत घेताना आरंभीची शिल्लक मोजून घ्यायची, हे आम्ही आर्टिकलशिपच्या पहिल्या महिन्यात शिकतो. इथे तिजोरी मोजून न घेता किल्ल्या घेतल्या गेल्या.

एक्स्चेंजचं काम आतून कसं चालतं? इतवारीतल्या सराफाकडे शंभर लोकांनी आपापलं सोनं ठेवलंय असं धरा. तुमचे दोन तोळे तुम्ही मला विकलेत. सराफ तिजोरी उघडत नाही. वहीत तुमच्या नावचे दोन तोळे कमी करतो, माझ्या नावावर चढवतो. दिवसाला हजार सौदे झाले तरी सोनं जागचं हलत नाही. तिजोरी कधी उघडते? कोणी म्हणालं की माझं सोनं घरी न्यायचंय, तेव्हा. माउंट गॉक्सवर दिसणारे तुमचे बिटकॉइन म्हणजे अशा वहीतल्या नोंदी होत्या. ज्या सार्वजनिक साखळीची, ब्लॉकचेन नावाच्या सगळ्यांना दिसणाऱ्या वहीची एवढी ख्याती, तिच्यावर यातला एकही सौदा चढत नव्हता. फक्त ठेव भरताना आणि काढताना संबंध यायचा. बिटकॉइनचा जन्मच मुळी मधल्या माणसाची गरज नको म्हणून, आणि पहिल्या तीन-चार वर्षांत जगातला सगळ्यात मोठा मधला माणूस तयार झाला तो त्याच धंद्यात. 2013 मध्ये बिटकॉइनच्या जगभरच्या व्यवहारांपैकी सुमारे 70 टक्के या एका पेढीवर होत होते.

19 जून 2011 ला पहिला झटका बसला. कोणीतरी आत शिरून ढिगाने विक्रीचे सौदे टाकले, साडेसतरा डॉलरचा भाव काही मिनिटांत एका सेंटवर आला. गिऱ्हाइकांची नावं आणि पासवर्डची माहिती बाहेर पडली. चोर शिरला कुठून? कंपनीने सांगितलं की तपासणीसाठी ज्याला आत बघायची परवानगी दिली होती, त्या ऑडिटरच्या संगणकातून. (हशा) हसा, हसा. आमच्या व्यवसायाचा या कथेतला हा एकमेव प्रवेश, आणि तोही असा.

लोक घाबरले, तेव्हा आपल्याकडे माल आहे हे दाखवायला कार्पेलेसने 4,24,242 बिटकॉइन एका व्यवहारात इकडून तिकडे हलवून दाखवले. साखळीवर सगळ्या जगाला दिसले. टाळ्या पडल्या, विषय संपला. ऑडिटर म्हणून मला मात्र हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. त्याने येणं दाखवलं, देणं कोणी विचारलंच नाही. चार लाख तिजोरीत आहेत हे कळलं, पण वहीत लोकांच्या नावे किती आहेत? ताळेबंदाची एकच बाजू बघून समाधान मानणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे मोठं क्रिप्टो एक्स्चेंज बुडाल्यावर कित्येक एक्स्चेंजनी आपल्या साठ्याचे पुरावे प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्यातही देण्यांचा आकडा कोणी कसा तपासला, तो मी आधी शोधतो.

खरी चोरी त्यानंतरची. सप्टेंबर 2011 च्या सुमारास पेढीच्या चालू पाकिटाच्या, म्हणजे रोजच्या देवघेवीचे बिटकॉइन जिथे असतात त्या खात्याच्या, गुप्त किल्ल्यांची प्रत चोरांच्या हाती लागली. त्यांनी एकदम घबाड उचललं नाही. दोन वर्षं थोडं थोडं उपसत राहिले आणि 2013 च्या मध्यापर्यंत सहा लाखांच्या वर बिटकॉइन गेले. हे शोधून काढलं किम निल्सन या टोकियोत राहणाऱ्या स्वीडिश प्रोग्रॅमरने. त्याचे स्वतःचे काही बिटकॉइन बुडाले होते, म्हणून त्याने साखळीवरचे लाखो व्यवहार जोडत जोडत माग काढला. त्याला सापडलेली एक गोष्ट ऐकून मी कपाळावर हात मारला. चोरांनी पैसे हलवले की पेढीचं सॉफ्टवेअर काही वेळा त्या व्यवहारात उरलेल्या रकमेला नवी ठेव समजायचं आणि कुणा गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा करायचं! म्हणजे तिजोरी रिकामी होत होती आणि वहीतली देणी वाढत होती.

मग मालकाला कळलं कसं नाही? आतल्या लोकांच्या सांगण्यावरून पुढे बातम्या आल्या. सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं, याची नोंद ठेवणारी साधी व्यवस्था नव्हती. बदलाला मंजुरी देणारा माणूस एकच, स्वतः कार्पेलेस. त्याला वेळ नसला की दुरुस्त्या पडून राहायच्या. सगळं बुडायच्या बेतात असताना हे महाशय शिबुयातल्या कचेरीच्या इमारतीत बिटकॉइन घेणारा कॅफे उघडण्याच्या नादात होते. हुशार माणूस होता, यात शंका नाही. पण कारागीर हुशार असला म्हणून खजिनदार होत नाही, आणि त्याच्या हाताखाली त्याला 'नाही' म्हणणारं कोणी नव्हतं.

2013 हे साल चोहोबाजूंनी फिरलं. मे महिन्यात कॉइनलॅब या अमेरिकन भागीदाराने साडेसात कोटी डॉलरचा दावा लावला आणि त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने पैसे पाठवण्याचा परवाना नसल्याच्या कारणावरून माउंट गॉक्सचे सुमारे 50 लाख डॉलर जप्त केले. डॉलर मिळायला लोकांना महिने लागू लागले. 7 फेब्रुवारी 2014 ला बिटकॉइन काढणंही बंद. कंपनीने बोट दाखवलं बिटकॉइनच्या रचनेतल्या एका तांत्रिक त्रुटीकडे. त्रुटी खरी होती, पण तिच्यातून एवढा माल जाणं शक्य नाही हे जाणकारांनी लवकरच दाखवलं. एक गिऱ्हाईक लंडनहून विमानाने टोकियोला आला आणि 'आमचे पैसे कुठे आहेत?' असा फलक घेऊन थंडीत कचेरीबाहेर उभा राहिला. आपल्याकडे सहकारी बँकेच्या बंद शटरपुढे जे चेहरे बघितलेत, तेच.

नागपूरकरांना हे फार समजावून सांगायला नको. 2002 मध्ये आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेने दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले. पैसे गेले, कागदावर रोखे होते, हातात कधी आलेच नाहीत. निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडला. तिथे क्रिप्टो नव्हतं, सातासमुद्रापारचा हॅकर नव्हता, तरी वही आणि तिजोरी यांच्यातली फट तीच होती.

माउंट गॉक्सच्या दिवाळखोरीनंतर तीन आठवड्यांनी एक अजब घटना घडली. एका जुन्या पाकिटात दोन लाख बिटकॉइन 'सापडले'. घर झाडताना अंगठी सापडावी इतक्या सहज! लोकांचा संशय आणखी वाढला. ऑगस्ट 2015 मध्ये कार्पेलेसला अटक झाली आणि जामीन मिळेपर्यंत जुलै 2016 आला. जपानमध्ये एकदा खटला उभा राहिला की 99 टक्क्यांहून जास्त आरोपी दोषी ठरतात. सरकारी पक्षाने दहा वर्षं मागितली. 15 मार्च 2019 ला टोकियो जिल्हा न्यायालयाने गिऱ्हाइकांच्या पैशांच्या अपहाराच्या आरोपातून त्याला सोडलं आणि खोट्या इलेक्ट्रॉनिक नोंदी करून पेढीची शिल्लक फुगवल्याबद्दल दोषी धरलं. अडीच वर्षांची शिक्षा, चार वर्षांसाठी स्थगित. म्हणजे चोरीसाठी नव्हे, वहीसाठी. पेढीच्या आतून एक स्वयंचलित प्रोग्रॅम सौदे करत होता, हे त्याने खटल्यात मान्य केलं. त्याचं म्हणणं, ते कंपनीच्या भल्यासाठी होतं. अशिलांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही, फाइल मात्र जास्त बारकाईने बघतो.

चोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? जून 2023 मध्ये अमेरिकेने अलेक्सेई बिल्युचेंको आणि अलेक्सांद्र वर्नर या दोन रशियन नागरिकांवर सुमारे 6,47,000 बिटकॉइनच्या चोरीशी संबंधित आरोप जाहीर केले. तोवर कार्पेलेसच्या नावाने बोटं मोडून लोकांना नऊ वर्षं झाली होती. तो चोर नसावा असं मलाही वाटतं. पण त्यामुळे तो सुटला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांची ठेव सांभाळणाऱ्याला 'मला माहीतच नव्हतं' हे उत्तर शोभत नाही.

आता विद्यार्थ्यांनी कान देऊन ऐकावं असा भाग. जपानच्या दिवाळखोरी कायद्यात देणी येनमध्ये गोठतात. एका बिटकॉइनमागे धनकोला मिळणार एप्रिल 2014 चा भाव, साधारण 483 डॉलर. पण त्या सापडलेल्या दोन लाखांपैकी एकेकाचा भाव 2017 च्या अखेरीस एकोणीस हजार डॉलरवर गेला. सगळी देणी फेडूनही डोंगर उरणार. उरलेलं कोणाचं? भागधारकाचं. भागधारक कोण? 88 टक्के तिबान, म्हणजे कार्पेलेस! पेढी बुडवणारा माणूस बुडण्यामुळेच अब्जाधीश होणार, आणि कायदा अगदी बिनचूक चाललेला. त्याने जाहीर सांगितलं की मला हा पैसा नको. धनकोंनी अर्ज केला आणि जून 2018 मध्ये न्यायालयाने दिवाळखोरी थांबवून पुनर्वसनाची प्रक्रिया मंजूर केली, म्हणजे उरलेले बिटकॉइन बिटकॉइनच्याच रूपात धनकोंना वाटता येतील. जपानने 2017 पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली, तीही या प्रकरणातूनच.

आपल्याकडे? 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, सौद्यावर एक टक्का टीडीएस, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. कर भरतो म्हणजे सरकार पाठीशी आहे, अशी समजूत घेऊन अशील येतात. अहो, संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत तुमच्या क्रिप्टोची दाद कोणी घेणार नाही. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून 23 कोटी डॉलरच्या वरचं क्रिप्टो चोरीला गेलं. गिऱ्हाइकं बहुतेक भारतीय, आणि प्रकरण चाललं सिंगापूरच्या न्यायालयात, कारण कंपनी तिथली. खातं उघडताना ती अट आपण सगळे न वाचताच 'मान्य' करतो.

माउंट गॉक्सची बिटकॉइनमधली परतफेड सुरू झाली जुलै 2024 मध्ये, दहा वर्षांनी. ज्याचे दहा अडकले होते त्याला दीड-दोनच परत, पण 2014 मध्ये पाच हजार डॉलरला असलेल्या त्या मालाच्या बदल्यात आता हाती लाखाच्या घरात रक्कम. याला नुकसान म्हणायचं की नफा, ते तुम्हीच लिहून दाखवा. मला वाईट वाटतं ते निराळ्याच लोकांचं. मधल्या काळात मोठमोठे फंड धनकोंना गाठून त्यांचे दावे विकत घेत होते. कुणाला घराचा हप्ता भरायचा होता, कुणाला दवाखान्याचं बिल, कुणी नुसते वाट बघून कंटाळले. त्यांनी मिळेल त्या भावाला सह्या करून दिल्या. त्यांच्या हाती राहिला तो 2014 चाच तोटा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर धरलाय, त्यांच्यापासून सुरू करू.