एमए इंग्लिश, मुक्काम पोस्ट नाशिक

(ठक्कर बझार, सकाळ. पहिली पंधरा सेकंद स्टँडचा आवाज तसाच ठेवायचा, त्यावर बोलायचं नाही.)

साक्रीहून पहाटे सुटलेली एसटी सटाणा करत नाशिकला लागते तोवर नऊ-साडेनऊ होतात. ती बघा, निळ्या बॅगवाली. खरं सांगायचं तर हा शॉट तिच्या नाशिकमधल्या दुसऱ्या वर्षातला आहे, दिवाळी करून परत येतानाचा. ती पहिल्यांदा या स्टँडवर उतरली तेव्हा आम्ही तिला ओळखतही नव्हतो, त्यामुळे तो दिवस आमच्याकडे नाहीये. बॅग मात्र तीच आहे.

नाव सांगू नका म्हणालीये. गावाकडे व्हिडिओ बघतात आणि मग काकू-मावश्या फोन करून पगार विचारतात, म्हणून आपण नुसतं ताई म्हणू, कामावर पण सगळे तेच म्हणतात.

शिक्षण एमए इंग्लिश. घरी अहिराणी, शाळा मराठी माध्यमाची, बीएला स्पेशल इंग्लिश घेतलं कारण कंपल्सरी इंग्लिशला वर्गात पहिली आली होती आणि सर म्हणाले घेऊन टाक, मग एमए जळगावच्या विद्यापीठाचं, तेच ज्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणतात. निकाल लागला, घरच्यांनी विचारलं, आता काय? तर नाशिक. पुणं लांब पडतं, मुंबई परवडत नाही, नाशिकला आतेबहीण आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय त्यामुळे शनिवारी उठून घरी जाता येतं. एवढाच विचार केला होता, असं ती स्वतःच सांगते.

(कॉलेज रोडच्या पाट्या. बाईकवरून घेतलंय, हलतंय, चालेल.)

हा कॉलेज रोड. नाशिकचा व्हिडिओ म्हटलं की मिसळ दाखवावीच लागते, आम्ही नाही दाखवली, त्याऐवजी हे बोर्ड बघा. पोलीस भरती, एमपीएससी, आयईएलटीएस, नीट, स्पोकन इंग्लिश, परत स्पोकन इंग्लिश, लहान मुलांसाठी फॉनिक्स, परत आयईएलटीएस. तिला वाटलं आपलं काम इथेच असणार, एवढ्या पाट्यांवर इंग्लिश लिहिलंय म्हणजे शिकवायला पण कोणीतरी लागत असेलच ना.

लागतंच की. पण क्लासवाल्यांची एक पद्धत असते, आधी डेमो लेक्चर. एक डेमो मालकासमोर, एक मुलांसमोर, मग म्हणतात आठवडाभर घेऊन बघा, मुलांचा फीडबॅक येऊ दे. आठवडा संपेपर्यंत बॅचची ॲडमिशन्स होऊन जातात आणि तो फीडबॅक काही येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये, मी पण एमए इंग्लिशच, माझे सहा दिवसांचे पैसे एका क्लासकडे अजून बाकी आहेत, चहा मिळाला तेवढा. असो, व्हिडिओ माझ्यावर नाहीये.

ताईला तिसऱ्या ठिकाणी तासाप्रमाणे काम मिळालं, संध्याकाळच्या दोन बॅच. ही क्लिप तिच्याच मोबाईलमधली आहे, आवाज जरा कमी येतो. बॅचमध्ये एक रिक्षावाले दादा, दोन गृहिणी, बारावीची पोरं, आणि तो मागच्या बाकावरचा चेक्सचा शर्ट, तो सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर, वीस माणसं सांभाळतो पण मीटिंगमध्ये इंग्लिश सुरू झालं की पाणी प्यायला उठतो. ती त्याला काय म्हणतेय बघा.

(क्लिपचा आवाज वर: "टेन्स राहू द्या दादा, आधी मशीन का बंद पडलं ते तुमच्या भाषेत सांगा. मग आपण तेच इंग्लिशमध्ये नेऊ.")

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कॉलेजात का नाही शिकवत, असं लोक सहज विचारतात. तर सीनियर कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमएला ५५ टक्के, आरक्षण असेल तर ५०, त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, सेट पुणे विद्यापीठ घेतं, परीक्षा पास झाली तरी जागा निघायला पाहिजे, आणि निघेपर्यंत सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व, जेवढे तास तेवढेच पैसे आणि सुट्टीत शून्य. शाळेत जायचं तर बीएड, ते दोन वर्षांचं, आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी ही पात्रता परीक्षा, अनुदानित शाळा हवी तर टेट ही आणखी वेगळी परीक्षा द्या आणि पवित्र पोर्टलकडे, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटकडे, डोळे लावून बसा. ताईचे सेटचे दोन अटेम्प्ट झालेत, तिसऱ्याचा फॉर्म भरलाय. यावर दाखवायला आमच्याकडे काही नाही, माणूस पुस्तक घेऊन बसलाय हे किती वेळ दाखवणार.

हे गेट. आत कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून गेटच बघा. इथे व्हॉइस प्रोसेसचा, म्हणजे कॉल सेंटरमध्ये फोनवर बोलायच्या कामाचा इंटरव्ह्यू होता. एक पॅसेज वाचायला दिला, मग स्वतःबद्दल दोन मिनिटं बोला, आणि शेरा आला एमटीआय. मदर टंग इन्फ्लुअन्स. म्हणजे ग्रामर बरोबर, शब्द बरोबर, पण उच्चारात गाव ऐकू येतं. तिने विचारलं यावर काय करायचं, तर तीन महिन्यांनी परत या म्हणाले. रिक्षाचे पैसे वाचवायला ती तिथून मुंबई नाक्यापर्यंत चालत आली.

(आईचा फोन. "तठे काय काम करस तू?" अहिराणी तशीच ठेवायची, खाली मराठी ओळ. निवेदन नाही.)

हे सार्वजनिक वाचनालय, टिळकपथावरचं, नाशिककर सावाना म्हणतात. १८४० सालचं आहे. दुपारी क्लास नसला की ती इथे येऊन बसायची, कारण कॉटबेसिसच्या खोलीत सहा जणी, सहा मोबाईल, आणि कोणाचा ना कोणाचा डबा उघडलेला. इथे बसून पेपर वाचता वाचता ही जाहिरात दिसली. कात्रण जपून ठेवलंय तिने, क्लोजअप बघा.

'डॉक्युमेंटेशनसाठी मुलगी पाहिजे. इंग्रजी पत्रव्यवहार, एक्सेल आवश्यक. द्राक्ष निर्यात. दिंडोरी रोड.'

यात इंग्लिशची डिग्री हा शब्दच नाहीये. महिनाभर ती नोकरीच्या ॲपवर इंग्लिश टाकून शोधत होती, टीचर आणि कॉल सेंटर सोडून काही येत नव्हतं, आणि इकडे काम दुसरंच नाव लावून बसलेलं. (मुलगीच का पाहिजे, हा वेगळा व्हिडिओ होईल.)

ते काम ताईला मिळालं. हे तिथलं पॅकहाऊस, द्राक्षं निवडून खोक्यात भरतात ती जागा, आता जरा इथे थांबू. एक तर हे फुटेज आमचं सगळ्यात भारी आलंय, आणि मला जे दाखवायचंय ते पण इथेच आहे.

(पॅकहाऊस. कात्र्यांचा आवाज आधी, चित्र नंतर.)

फेब्रुवारी महिना. सकाळी बागेतून क्रेट येतात. आत गारवा, डोक्याला टोप्या, हातात मोजे, बायका समोरासमोर बसून कात्रीने घडातले बारीक, डागी, खराब मणी काढतायत. पाचशे ग्रॅमचा प्लास्टिकचा डबा, त्याला पनेट म्हणतात, असे दहा पनेट एका खोक्यात, म्हणजे पाच किलो. खोक्यात हा पांढरा कागद दिसतोय तो नुसता कागद नाहीये, त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो, बुरशी धरू नये म्हणून. मग प्रीकूलिंग, म्हणजे माल आधी झटपट थंड करणं, मग कोल्ड स्टोरेज, मग रीफर म्हणजे आतून गार राहणारा कंटेनर, न्हावाशेवा, आणि तिथून समुद्रानं नेदरलँड्सचं रॉटरडॅम बंदर. त्याला तीनेक आठवडे लागायचे, २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, म्हणजे आणखी दिवस.

द्राक्षांबरोबर कागद जातात. बागेची कृषी खात्याकडची नोंदणी, लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालात औषधाचे अंश किती ते, ॲगमार्क, कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, आणि हे सगळं अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन सिस्टीमवर जोडलेलं, का तर तिकडच्या दुकानात एखाद्या खोक्यात काही सापडलं तर कोड टाकून थेट इकडच्या प्लॉटपर्यंत येता आलं पाहिजे. कुठलं गाव, कोणाची बाग, कधी काय मारलं.

एवढं कडक का, तर २०१० आठवा. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. आपल्याकडे शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात, वेलीची वाढ आवरायला वापरायचे. तिकडची मर्यादा अगदी बारीक, माल अडकला, बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हापासून काय फवारलं हे जितकं महत्त्वाचं तितकंच ते कसं लिहून ठेवलंय हे पण.

आता हे रजिस्टर बघा. हे नानांचं, माल देणारे एक बागायतदार, दिंडोरी तालुक्यातली त्यांची बाग पुढे दिसेलच. यात काय लिहिलंय, 'भुरीसाठी मारलं. १२ तारीख. दोन टाक्या.' नानांना यात सगळं समजतं. ऑडिटरला काहीच समजत नाही. मग ताई फोन करते, कुठलं औषध, बाटलीवर बारीक अक्षरात काय नाव आहे ते वाचून दाखवा, टाकी किती लिटरची, कुठल्या प्लॉटला. आणि मग इंग्लिशमध्ये बसवते, आधी रोगांची नावं, भुरी म्हणजे पावडरी मिल्ड्यू, केवडा म्हणजे डाऊनी, करपा म्हणजे अँथ्रॅकनोज, औषधाचं टेक्निकल नाव, डोस, आणि पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते. यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर चालत नाही, आणि ऑफिसमधली जी आधीची मुलं होती त्यांचं इंग्लिश चांगलं होतं पण त्यांना केवडा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, फ्लेवर वाटला होता एकाला. ताईच्या बापाची कांद्याची शेती, फवारणीचं पाणी तिने लहानपणापासून भरलंय.

आणि मग ती शॅटरची गोष्ट.

पहिल्याच सीझनला रॉटरडॅमहून क्वालिटी रिपोर्ट आला, माल खराब निघाला म्हणून. त्यात लिहिलेलं शॅटर आणि ड्राय स्टेम्स. ऑफिसमध्ये शॅटरचा अर्थ लावला फुटणे. मणी फुटलेत म्हणजे पॅकिंगला दाबले गेलेत, म्हणजे चूक पॅकिंगच्या बायकांची, आणि पॅकहाऊसचा सुपरवायझर जाऊन त्यांच्यावर ओरडून पण आला. ताईला शंका आली, कारण त्याच रिपोर्टमध्ये खालच्या ओळीत फुटलेल्यासाठी वेगळा शब्द होता, स्प्लिट, आणि त्याच्यापुढे जवळजवळ काही नव्हतं. मग तिने तिकडून आलेले फोटो झूम करून बघितले. मणी अख्खेच्या अख्खे, नुसते घडातून सुटून पनेटच्या तळाशी पडलेले. ते फोटो घेऊन ती नानांकडे गेली. नानांनी ते पुन्हा आमच्यासमोर करून दाखवलं.

(नानांची क्लिप: "ही मणीगळ हाये ताई. देठ वाळला का मणी सोडून देतो.")

मणीगळ. कुठल्या डिक्शनरीत शॅटरसमोर मणीगळ दिलेलं तिला सापडलं नव्हतं. आणि मणीगळ म्हटल्यावर सगळा शोधच वेगळा झाला, देठ वाळतो कधी, तर तोडलेला माल वेळेवर थंड झाला नाही की. तिने गेटचं रजिस्टर काढलं, त्या दिवशीचा ट्रॅक्टर दोन तास बाहेर उन्हात उभा होता, प्रीकूलिंगला जागा नव्हती म्हणून. क्लासमधलं तिचं वाक्य आठवा, आधी तुमच्या भाषेत सांगा, मग इंग्लिशमध्ये नेऊ. तसंच हे सगळं इंग्लिशमध्ये लिहून तिने रॉटरडॅमला मेल केला, तो मेल स्क्रीनवर दिसतोय, साधी आठ वाक्यं आहेत. एमएला चार-चार पानं लिहायची सवय लागते, ती मोडायलाच वेळ लागला म्हणते.

बायकांवर ओरडलेलं मागे घेतलं का, असं आम्ही सुपरवायझरला विचारलं. ती क्लिप दोन सेकंदांची आहे, बघून घ्या.

आणि ही तिची वही. तीन रकाने, इंग्लिश, मराठी, आणि तिसऱ्यावर लिहिलंय 'बागेत'. रॅकिस, घडाचा दांडा. पेडिसेल, मण्याचा देठ. ब्लूम म्हणजे फुलणं नाही, मण्यावर तो पांढुरका थर असतो ना, बोट लावलं की पुसला जातो, तो. थ्रिप्ससमोर मराठीत फुलकिडे आणि बागेतच्या रकान्यात परत थ्रिप्स, कारण बागेत कोणी फुलकिडे म्हणतच नाही.

(पॅकहाऊस धुतायत. पाणी, रिकामे क्रेट.)

एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे तोडणी झाल्यावरची वेलींची छाटणी लागते, पॅकहाऊस बंद होतं आणि पगारही थांबतो. खोलीतल्या दोघी यंदा परत गावी गेल्या, एकीचं लग्न ठरलं, एकीचं काही कळलं नाही. ताईने मे-जूनला क्लासच्या बॅच धरल्या, आणि जुलैत सिन्नरकडच्या एका औषध कंपनीचं काम आलं, मशीनवरच्या कामगारांसाठी एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी सूचना, मराठीत करून द्यायच्या, तेही डॉक्युमेंटेशन नावानेच. पगाराचा आकडा तिने कॅमेऱ्यावर सांगितला होता, नंतर काढा म्हणाली, काढला.

हा शेवटचा शॉट ऑक्टोबरचा, फळछाटणीच्या, म्हणजे पुढच्या पिकासाठीच्या छाटणीच्या वेळचा. नाना यंदाचं फवारणीचं रजिस्टर स्वतः आखतायत, स्टीलच्या पट्टीने. तारीख, प्लॉट, रोग, औषध, टाकी किती लिटरची. आणि उजवीकडे एक रकाना मोकळा सोडलाय, त्याच्यावर काय लिहितायत ते कॅमेरा जवळ गेल्यावर दिसतं. 'ताईचं इंग्लिश.'