ट्रिस मेली म्हणून नाही

श्रोतेहो, नमस्कार. घरातली आठवी-नववीतली पोर ताटावरून उठून जात असेल, तर लगेच मार्क विचारू नका. कुठल्या पुस्तकमालिकेचा शेवटचा भाग वाचून झालाय का, ते आधी विचारा.

वेरोनिका रॉथ या अमेरिकन लेखिकेची अशीच एक मालिका. २०११ साली ‘डायव्हर्जंट’, २०१२ला ‘इन्सर्जंट’, २०१३ला ‘अलीजंट’. शिकागो शहर, स्वभावावरून पाडलेले माणसांचे पाच गट आणि कुठल्याच एका गटात न मावणारी ट्रिस. शेवट ऐकायचा नसेल त्यांनी आवाज जरा बारीक करावा.

आमच्या गल्लीत तीन मैत्रिणींत मिळून शेवटच्या भागाची एकच प्रत आली. चिठ्ठ्या टाकून नंबर लावले. पहिलीनं रात्रीतून पुस्तक संपवलं आणि सकाळी ठरवलं, हा शेवट मैत्रिणींच्या हाती पडू द्यायचा नाही. तिची आई घरी शाळेचे गणवेश शिवते. (सोलापूरचे गणवेश कुठंकुठं जातात हे सगळे कौतुकानं सांगतात, शिवणारीच्या हाती काय पडतं ते मात्र कुणी विचारत नाही. असो.) पोरीनं शेवटची पानं मशीनखाली घातली. सुई मोडली. आईचा धपाटा बसला. मग तिनं दाभण घेतलं आणि गणवेशाच्या निळ्या दोऱ्यानं ती पानं काठाकाठानं टाचून टाकली, गादीला टाके घालतात तशी. वर पेन्सिलीनं लिहिलं, ‘इथंच थांब. लई वाईट केलंय.’

दुसरी कसली थांबते! बापाच्या दाढीचं ब्लेड घेऊन त्याच रात्री दोरा उसवला. सकाळी डोळे सुजलेले. काय केलं असेल तिनं? दाभण मागून आणलं, त्याच भोकांतून नवा दोरा ओवला आणि पुस्तक तिसरीच्या हातात ठेवलं.

आता आपल्या मुद्द्याकडे. दगाबाज भावाच्या जागी ट्रिस स्वतः मरणाच्या कामगिरीवर जाते. विषारी द्रव्यातून वाचते आणि गोळीनं मरते. पोरी चिडल्या त्या ती मेली म्हणून नाही. मेली म्हणून नाही, बरं का. आपल्याकडची पोरं अभिमन्यू ऐकत मोठी होतात, मरणाचं त्यांना नवल नाही. पण पहिली दोन पुस्तकं एकट्या ट्रिसच्या तोंडून आणि तिसऱ्यात अचानक कधी ती, कधी तिचा प्रियकर टोबायस. चाणाक्ष वाचक तिथंच ओळखतो, ही जाणार. नंतर कथा सांगायला माणूस हवा ना! वर शहराबाहेर गेल्यावर कळतं, ते पाच गट म्हणजे जनुकांचा प्रयोग होता. ज्या गटांसाठी आपण जीव मुठीत धरून वाचलं, ते भलत्याच कुणाच्या वहीतला हिशेब निघाले. माझ्या मते खरी फसवणूक ही. मरण नव्हे, ही.

सिनेमावाल्यांचं तर विचारूच नका. त्यांनी शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग करायचे ठरवले, पहिला २०१६ला आला आणि दुसरा निघालाच नाही. टीव्ही मालिकावाल्यांनी हा धडा घेतला तर किती बरं होईल!

आणि तिसरी? तिनं दोरा कापलाच नाही. तिच्या लेखी ट्रिस जिवंत आहे, शिकागोतच आहे आणि त्यावर ती बाकीच्या दोघींशी अजून कडाकडा भांडते. नमस्कार.